फ्रीझ पेन्सचं बटण फिकट पडतं तेव्हा: सोसायटीच्या शीटचा माझा अनुभव

खजिनदारपद मागून कोणी घेत नाही, ते गळ्यात पडतं. माझ्या पडलं तेव्हा सोबत मेंटेनन्सची एक एक्सेल फाइल आली. वरच्या तीन ओळींत संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता, चौथ्या-पाचव्या ओळीत मिळून रकान्यांची शीर्षकं, आणि खाली पावणेदोनशे फ्लॅट. आडवे रकाने वीसच्या वर. सेवाशुल्क, पाणीपट्टी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी), दुरुस्ती निधी, पार्किंग, बिनभोगवटा शुल्क (फ्लॅट भाड्याने दिला की लागणारं), मागील बाकी, व्याज, काय नाही ते विचारा.

ए विंग होती तोवर ठीक. सी विंगला पोचलं की वरची शीर्षकं गायब. सेवाशुल्क ओळखू येतं, कारण ते सगळ्यांना सारखं असतं. पण सिंकिंग फंड आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी 0.75 टक्के. म्हणजे वन बीएचकेचा दुरुस्ती निधी आणि थ्री बीएचकेचा सिंकिंग फंड आकड्याला जवळजवळ सारखेच दिसतात. वर शीर्षक नसेल तर कुठली रक्कम कुठल्या निधीची हे सांगताना माणूस चाचपडतो. त्यात 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आणि त्याआधी ऑडिट उरकायचं.

एक्सेलच्या व्ह्यू टॅबमध्ये फ्रीझ पेन्स, म्हणजे शीट सरकवली तरी ठरावीक ओळी-रकाने जागेवर ठेवणारं बटण आहे, त्यात ‘फ्रीझ टॉप रो’ आहे, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. ते दाबलं की सर्वांत वर दिसणारी एकच ओळ अडकते. आमच्याकडे ती संस्थेच्या नावाची. डी विंगच्या शेवटच्या फ्लॅटपर्यंत खाली गेलं तरी डोक्यावर संस्थेचं नाव दिमाखात, शीर्षकांचा पत्ता नाही. आधी कुणीतरी यावर शक्कल लढवली होती: शीट थोडी खाली सरकवून चौथी ओळ वर आणायची आणि मग टॉप रो फ्रीझ करायची. शीर्षकाची अर्धी ओळ दिसायला लागते खरी, पण पहिल्या तीन ओळी वर अडकून बसतात आणि कितीही वर सरकवा, येत नाहीत. पत्ता डिलीट झाला म्हणून कमिटीत केवढी चर्चा झाली होती! काही डिलीट झालेलं नसतं. अनफ्रीझ करा, ओळी जागेवर असतात.

खरी पद्धत साधी आहे. जे हलायला नको त्याच्या खालची ओळ आणि उजवीकडचा रकाना जिथे मिळतात, त्या सेलवर क्लिक करायचं. आमच्याकडे ए रकान्यात फ्लॅट क्रमांक, बी मध्ये सभासदाचं नाव, म्हणून सेल सी6. मग फ्रीझ पेन्समधला पहिला पर्याय. वरच्या पाच ओळी आणि डावीकडचे दोन रकाने जागचे हलत नाहीत. त्याआधी शीट अगदी वर, अगदी डावीकडे आहे ना, हे बघून घ्या. आणि कर्सर ए1 वर ठेवून हे करू नका, नाहीतर पडद्याच्या मधोमध रेघ पडते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन बघतो तर फ्रीझ गेलेलं. पुन्हा करायला जावं तर बटणच फिकट, दाबलं जात नाही. ऑफिसातल्या मुलाला विचारलं तर म्हणे, “काका, मी कशालाच हात नाही लावला. फक्त प्रिंट काढली.” पोरगं खरं बोलत होतं, पण माझा पारा चढलेला. फाइल बंद करून उघडली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, बटण तसंच. शीटला पासवर्ड लावलाय का तेही बघितलं, नव्हता. कुठल्या सेलमध्ये अर्धवट टाइप करून सोडलं असेल तरी हे बटण फिकट पडतं, म्हणून एस्केप दाबून पाहिलं. काही नाही.

कारण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, झूमच्या पट्टीशेजारी होतं. तिथे नखाएवढी तीन चित्रं असतात: नॉर्मल, पेज लेआउट आणि पेज ब्रेक प्रिव्ह्यू. मुलाने पान कसं येतंय ते बघायला मधलं दाबलं होतं. पेज लेआउट व्ह्यू आणि फ्रीझ पेन्स एकत्र नांदत नाहीत. आत जाताना एक्सेल तसं विचारतं, पण प्रिंटच्या घाईत ती चौकट वाचतो कोण? ओके दाबलं की फ्रीझ गेलं, आणि त्या व्ह्यूमध्ये असेपर्यंत बटण फिकट. नॉर्मलवर क्लिक केलं आणि बटण जिवंत झालं. एवढ्याशा चित्रासाठी माझी अख्खी संध्याकाळ गेली, त्याचा राग अजून आहे. त्यात भर म्हणजे वरच्या टॅबमध्येही पेज लेआउट नावाचा वेगळा टॅब आहे, तो निरुपद्रवी. मी आधी त्यालाच दोष देत बसलो होतो.

त्या टॅबचाच पुढे उपयोग झाला. फ्रीझ फक्त पडद्यापुरतं असतं, कागदावर दुसऱ्या पानापासून शीर्षकं येत नाहीत, म्हणून तर मुलगा त्या व्ह्यूमध्ये घुसत होता. पेज लेआउट टॅब, प्रिंट टायटल्स, आणि ‘रोज टू रिपीट अ‍ॅट टॉप’मध्ये $4:$5. प्रत्येक पानावर शीर्षक. हे प्रिंटच्या खिडकीतून पेज सेटअप उघडून करू नका, तिथे तो चौकोनही फिकट असतो. टॅबमधूनच जा. आता पान बघायचं तर कंट्रोल पी, व्ह्यू बदलायचा नाही, असं मुलाला सांगून ठेवलंय.

सेक्रेटरी ती फाइल गूगल शीट्समध्ये घेऊन मोबाइलवर बघतात. कॉम्प्युटरवर गूगल शीट्स उघडलं तर व्ह्यू, फ्रीझ, आणि हव्या त्या ओळीपर्यंत, सोपं आहे. फक्त संस्थेचं नाव पूर्ण रुंदीत मर्ज केलेलं, म्हणजे अनेक सेल जोडून एकाच सेलमध्ये बसवलेलं असेल तर डावीकडचे दोन रकाने फ्रीझ होत नाहीत, कारण मर्ज केलेला सेल अर्धा कापला जातो. मर्ज काढा, नाव ए1 मध्ये नुसतं ठेवा. मोबाइलवर पाच ओळी अडवल्या की खाली सभासदांना जागाच राहत नाही, म्हणून गूगलमधल्या त्या प्रतीत आम्ही पत्ता आणि नोंदणी क्रमांक दुसऱ्या शीटवर हलवले.

एक्सेलमध्ये फ्रीझ नीट बसलंय का हे बघायची खूण: कंट्रोल होम दाबा. कर्सर ए1 वर न जाता सी6 वर गेला तर बसलंय. घाईत असाल तर ऑल्ट, डब्ल्यू, एफ, एफ, एकामागून एक. तीच कळ अनफ्रीझलाही चालते.