माणदेशात दुष्काळ मोजताना

फलटणपर्यंत नीरा उजव्या कालव्याची साथ असते. रस्त्याला लागून ऊस, डोक्यावर वाढ्याचे भारे घेतलेल्या बाया, पाटाकडेची नारळाची झाडं. मोगराळे घाट चढून माथ्यावर आलं की हे सगळं एकदम तुटतं. पुढे उघडे डोंगर, मुरमाड माळ, कुठेकुठे बाभळी आणि मेंढरांचे कळप. इथून माण तालुका सुरू होतो. महाबळेश्वर सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि इथे साडेचारशे-पाचशेच्या आसपास, तोही बराचसा परतीचा. दोन्ही ठिकाणं एकाच सातारा जिल्ह्यातली.

मी इथे आलो ते एका यादीमुळे. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. साताऱ्यातले वाई आणि खंडाळा त्यात होते, माण नव्हता. पिढ्यानपिढ्या ज्याच्या नावालाच दुष्काळ चिकटलेला आहे, तो तालुका यादीत नाही हे वाचून मला स्वस्थ बसवेना.

दहिवडीत चहाच्या टपरीवर विषय काढायचा अवकाश, बाकावरचे आबा सरसावून बसले. "वाई हाय, खंडाळा हाय, माण न्हाई. आता बोला! उपग्रहाला बाभळ बी हिरवीच दिसती, पाव्हणं."

त्यांच्या रागामागे खरं कारण आहे. पूर्वी पैसेवारी पाहत, म्हणजे नेहमीचं पीक रुपयाभर धरलं तर यंदाचं किती पैसे, याचा अंदाज. पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेनंतर पद्धत बदलली. आधी पावसाची तूट आणि पावसातला खंड पाहायचा, मग उपग्रहावरून पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा, भूजल आणि जलाशयांचा साठा तपासायचा. एवढं झाल्यावर निवडक दहा टक्के गावांत जाऊन पिकांची पाहणी. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, पैसेवारीतली मनमानी तिने कमी केली, हे मी मान्य करतो. पण माणूस शिवारात पोचतो तो शेवटी. पहिल्याच चाळणीत तालुका गळला, तर बांधावर कुणी फिरकतच नाही. शिवाय डोंगराच्या या अंगाला सर पडते आणि त्या अंगाला धुरळा उडतो, अशा मुलखात अख्ख्या तालुक्याची सरासरी काय सांगणार? नोव्हेंबरात सरकारने राज्यातल्या हजाराहून अधिक महसूल मंडळांत, म्हणजे तालुक्याहून लहान अशा काही गावांच्या गटांत, दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली, ती अशाच ओरडीनंतर.

दहिवडीवरून आंधळीकडे वळलो आणि टाकेवाडी गाठली. पानी फाउंडेशनच्या 2018 च्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवण्याच्या कामांच्या स्पर्धेत, हे गाव राज्यात पहिलं आलं होतं, माणमधलीच भांडवली दुसऱ्या क्रमांकात होती. डोंगरउतारावर एकाखाली एक सलग समतल चर दिसतात. बरेच गाळाने अर्धे भरलेत, काठावर गवत धरलंय. त्या कामावर राबलेल्या एका दादांनी घरातून हायड्रोमार्कर आणून दाखवला. दोन उभ्या काठ्या, दोन्हींवर मोजपट्टी आणि त्यांना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक काठी जागेवर धरायची, दुसरी उतारावर वरखाली सरकवायची. दोन्हीकडे पाणी एकाच आकड्यावर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. तिथे फक्कीची खूण करायची आणि पुढे सरकायचं. दादा म्हणाले, "रेघ चुकली तर चराचा वगळ हुतो. पाणी एका टोकाला पळतं आन् बांध फोडून माती घिऊन जातं." पाच जणांना जमणारं, वीज नको, इंजिनिअर नको, असं हे मोजमाप. मी स्वतः दोन खुणा धरून पाहिल्या. नळीतलं पाणी थांबेपर्यंत काठी स्थिर ठेवायला हात किती शांत लागतो, ते तेव्हा कळलं.

माती वाहून जाणं हा दुष्काळाहून मोठा घाला आहे, असं माझं मत आहे. पाऊस पुढच्या वर्षी येऊ शकतो, गेलेली माती येत नाही. इस्रोच्या पाहणीनुसार 2011-13 मध्ये महाराष्ट्राची सुमारे 45 टक्के जमीन ऱ्हासाच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यात होती. तो आकडा वाचताना कोरडा वाटतो. माणमधल्या माळावर टाच मारली आणि खालून नुसता मुरूम निघाला की तो पायाला कळतो.

म्हसवडला पोचेतो ऊन कललं होतं. सिद्धनाथाचं दर्शन घेतलं आणि माणगंगेच्या पात्राकडेने एका वाडीवर गेलो. तिथल्या एका मावशींनी 2012-13 आणि 2019 या दोन्ही दुष्काळांत चारा छावणीत मुक्काम केला होता. कडबा संपल्यावर जनावरांबरोबर बायकाही छावणीत राहायला गेल्या. पाल ठोकून तिथेच चूल मांडली, घरी म्हाताऱ्या सासूला ठेवून. फडातून आलेलं उसाचं वाढं खाऊन गाई कशाबशा तगल्या, पण दूध तुटलं.

"दुष्काळ पडणार, हे तुम्हाला कधी कळतं?" मी विचारलं.

त्यांना आठवावं लागलं नाही. आधी कडब्याच्या पेंढीचा भाव चढतो. मग विहिरीत पोहरा सोडताना दोर कमी पडतो, गाठ मारावी लागते. मग शेळ्या बाजारात जातात, त्यांच्यामागे कालवड. दुभती गाय सगळ्यात शेवटी. बाजारात एकाच वेळी सगळ्यांच्या गाई आल्या की भाव पडलेलाच असतो.

ऐकताना वाटत राहिलं, ही सगळी मोजमापंच आहेत. आठवडी बाजारातला कडब्याचा भाव, विकायला आलेल्या जनावरांची संख्या, गावातल्या चार ठरलेल्या विहिरींची पातळी. ग्रामपंचायतीने दर आठवड्याला हे वहीत लिहिलं आणि तालुक्याने ते उपग्रहाच्या नकाशाशेजारी ठेवून वाचलं, तर आबांना टपरीवर ओरडावं लागणार नाही. खर्च म्हणाल तर एका वहीचा आणि मोजपट्टीचा.

निघताना मावशींना म्हटलं, जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी आंधळी धरणात आलंय, आता तरी बरं होईल.

"आलंय की. चांगलंच झालं," त्या म्हणाल्या. "पर आमच्या वाडीला टँकर दोन दिसाआड येतो. ते बी लिहा."