तुम्ही विचारलंत म्हणून: चालल्यानं, खर्च केल्यानं खरंच झाड लागतं का?

इंदूरच्या लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, रामबाग, कुठल्याही भागातल्या मंडळींचा सूर एकच असतो. झाडं लावण्याचं वचन देणारं ॲप म्हणतं तुमची इतकी पावलं झाली, इतकी खरेदी झाली, एक झाड लागलं. मग ते लागलं कुठे, आणि पैसे कोणी भरले?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. पावलांनी झाड लागत नाही, ते पैशानं लागतं. पावलं फक्त तुम्हाला रोज ॲप उघडायला लावतात. पैसा जाहिरातदार देतो, एखादी कंपनी देते, किंवा तुमच्या खरेदीवरच्या कमिशनमधून येतो. चीनमधलं ‘अँट फॉरेस्ट’ हे यातलं सर्वांत मोठं उदाहरण. अलीपे या पेमेंट ॲपमध्ये ते 2016 साली आलं. चाललात, बिलं ऑनलाइन भरलीत की ‘हरित ऊर्जा’ जमा होते आणि वाळवंटातल्या सॅक्सॉल झुडपासाठी ती 17.9 किलो लागते. ही ऊर्जा म्हणजे वाचवलेल्या कार्बनच्या वजनात मोजलेले निव्वळ गुण; लागवडीचा खर्च कंपनी करते. ‘इकोसिया’ या बर्लिनच्या सर्च इंजिनाचा पैसा जाहिरातींवरच्या क्लिकमधून येतो, आणि ते दर महिन्याचा जमाखर्च जाहीर करतात. दुसऱ्या कुठल्याही ॲपला हाच निकष लावा. जमाखर्च दिसत नसेल तर स्क्रीनवरच्या हिरव्या पानांवर भाळू नका.

गणित घरबसल्या करता येतं. समजा एका रोपाचा खर्च 100 रुपये धरला आणि एका जाहिरातीमागे ॲपला 20 पैसे मिळतात असं मानलं, तर एका रोपाला 500 जाहिराती लागतात. रोज तीन पाहिल्यात तरी साडेपाच महिने जातात. एखादं ॲप आठवड्याला एक झाड देत असेल तर मधला फरक कोणीतरी प्रायोजक भरतोय, किंवा रोपच फार स्वस्त आहे. खारफुटीची शेंगेसारखी रोपं समुद्रकाठच्या चिखलात नुसती खोचतात, तिथे खर्च खरोखरच कमी येतो. स्वस्त असण्यात गैर काही नाही, पण ते सांगायला हवं.

खर्चातून झाड हा प्रकार आपल्याकडे फारसा का चालत नाही, ते फार कमी जणांना ठाऊक असतं. एका ब्रिटिश कंपनीनं ‘ट्रीकार्ड’ नावाचं लाकडी कार्ड काढलं. कार्ड घासलं की दुकानदाराकडून जे शुल्क कापलं जातं, त्यातला नफ्याचा वाटा झाडांना जायचा. भारतात यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून असं शुल्क घेणं 1 जानेवारी 2020 पासून बंद आहे. म्हणजे छप्पन दुकानवर पोहे-जलेबीचे पैसे स्कॅन करून दिलेत तर त्या व्यवहारातून झाडासाठी उरत काहीच नाही. तरीही कोणी ‘दर व्यवहाराला झाड’ म्हणत असेल तर ते जाहिरातीच्या खर्चातून देतंय, नाहीतर तुमच्याच खिशातून घेतंय. खिशातून घेण्याची रीत म्हणजे राउंड-अप: 43 रुपयांचं बिल 50 धरायचं आणि वरचे 7 बाजूला टाकायचे. यात लबाडी नाही, ती देणगीच आहे. मात्र त्यासाठी तुम्ही ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची, परवानगी दिलेली असते. ॲप काढून टाकलं तरी ती परवानगी आपोआप संपेलच असं नाही. यूपीआय ॲपच्या प्रोफाइलमध्ये ऑटोपे किंवा मँडेट शोधा आणि तिथून रद्द करा.

कमिशनचा मार्ग मात्र इथेही चालतो. झाडवाल्या ॲपमधल्या लिंकवरून दुकानाच्या साइटवर गेलात आणि खरेदी केलीत की दुकान त्याला टक्केवारी देतं. ती हुकते ती ठरावीक कारणांनी. लिंक उघडून मग दुसऱ्याच ठिकाणचं कूपन टाकलं, फोनमध्ये जाहिराती अडवणारं ब्राउझर आहे, वस्तू कार्टमध्ये आधीच होती, किंवा माल परत केला. परतीची मुदत संपेपर्यंत कमिशन पक्कं होत नाही, म्हणून झाड आठवडेच्या आठवडे ‘प्रलंबित’ दिसतं. तेवढ्यावरून ॲप खोटं ठरत नाही. एक मात्र सांभाळा: खर्च मोजायचाय म्हणून एसएमएस वाचायची परवानगी मागितली तर देऊ नका. त्याच एसएमएसमध्ये बँकेचे ओटीपी येतात.

आता पावलं. ‘सहा हजार चाललो, ॲपमध्ये चौदाशेच दिसतात’ ही तक्रार सर्वांत जास्त येते. अँड्रॉइडवर ॲपला ‘शारीरिक हालचाली’ची परवानगी लागते, ती दिली नाहीत तर आकडा शून्यावरच राहतो. ती देऊनही आकडा अडकत असेल तर दोष बहुधा बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगचा. फोन मागे चालणारी ॲप बंद करून टाकतो. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी या वाटेनं जाऊन ‘अनिर्बंध’ (Unrestricted) निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करावं लागतं. घड्याळ आणि फोन दोन्ही हेल्थ कनेक्टमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या आरोग्य-नोंदींच्या सामायिक वहीत, पावलं लिहीत असतील तर तिथे कोणाचा आकडा आधी धरायचा तो क्रम लावा, नाहीतर दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात. फोन पर्समध्ये लोंबकळत असला तर पावलं कमी भरतात, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटरवरून गेलात तर न चाललेली पावलंही पदरात पडू शकतात. बरीच ॲप त्या दिवसाची पावलं त्याच दिवशी ‘घ्यायला’ लावतात, म्हणून रात्री बारापूर्वी एकदा उघडायचं. पावलं मोजायला लोकेशन लागत नाही. ‘नेहमी’ची परवानगी मागितली तर नकार द्या.

चालण्याचा खरा फायदाही मोजून पाहा. चार हजार पावलं म्हणजे अदमासे 3 किलोमीटर. तेवढ्यासाठी लिटरला 45 देणारी स्कूटर काढलीत तर सुमारे 150 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण एक लिटर पेट्रोल जळून 2.3 किलो होतो. मोठं झालेलं झाड वर्षाला साधारण 20 किलो शोषतं असं धरलं, तर वर्षात 133 वेळा ती स्कूटर घरी ठेवणं म्हणजे एका मोठ्या झाडाचं वर्षभराचं काम. स्कूटरनं मेघदूत बागेत जाऊन तिथे चार फेऱ्या मारल्यात तर तब्येतीला चांगलंच, पण या हिशेबात त्याचं शून्य.

राहिलं झाड. लावल्याचा आकडा मोठा करणं सोपं असतं. आपल्याच इंदूरात 14 जुलै 2024 रोजी रेवती रेंजवर एका दिवसात 11 लाखांहून अधिक रोपं लावून जागतिक विक्रम झाला. तुर्कस्तानात 11 नोव्हेंबर 2019 ला 1.1 कोटी रोपं लागली. काही महिन्यांनी तिथल्या वनकर्मचाऱ्यांच्या संघटनेनं तपासलेल्या जागी 90 टक्क्यांपर्यंत मेल्याचं सांगितलं आणि सरकारनं ते नाकारलं. म्हणून ॲपला विचारायचं ते हे: कुठल्या जातीची रोपं, जमीन कोणाची, पाणी कोण घालतं, आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली? क्षेत्रफळही विचारा. 3 बाय 3 मीटरवर लावलं तर हेक्टरी 1111 रोपं बसतात, म्हणजे एक लाखाला 90 हेक्टर लागतात. मियावाकी या दाट लागवडीच्या पद्धतीत चौरस मीटरला तीन-चार लावतात आणि एक लाख रोपं तीन हेक्टरांत मावतात. पण त्यातली बरीच पुढे एकमेकांच्या सावलीत मरणारच, ती पद्धतच तशी आहे. तिथे रोपं म्हणजे झाडं असं मोजणं चूक. ‘संकल्पतरू’सारख्या संस्था रोपाचं ठिकाण नकाशावर दाखवतात. ते मिळत असेल तर सोडू नका, आणि वर्षभरानं नवा फोटो मागा.

ॲप राहू देत, इथेच एक लावायचं म्हणता? माळव्याची काळी माती अवघड आहे. पावसात ती चिकटून पाणी धरते, उन्हाळ्यात फाटते. साध्या मातीत दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरतो, इथे दोन फूट घ्या आणि मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. भरताना निम्मी माती, पाव भाग मुरूम किंवा जाडी वाळू, पाव भाग कुजलेलं शेणखत. पहिला दमदार पाऊस झाला की जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कडुनिंब किंवा करंज लावा, रोप तीन-चार फुटांचं. पिशवी पूर्ण काढा आणि तळाशी गुंडाळलेली मुळं छाटा, नाहीतर ती गोलच वाढत राहतात. बुंध्याशी माती जरा उंच ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तुंबत नाही. नोव्हेंबरपासून दर आठ-दहा दिवसांनी 10 ते 15 लिटर पाणी, तेही बुंध्याला लागून नाही तर फूटभर लांब आळं करून त्यात. उन्हाळ्यात भेगा पडल्या की आधी वरची दोन-तीन इंच माती कुदळीनं मोकळी करून त्या बुजवा, मग पाणी घाला. भेगा उघड्या असताना घातलेलं पाणी सरळ खाली निघून जातं आणि मुळांजवळची माती कोरडीच राहते.