जेवणाच्या टेबलाची फिरती खुर्ची : चाचणीचा दिवस

जेवायला बसताना आपण खुर्ची दोनदा हलवतो. आधी उभ्याने ती मागे ओढतो आणि मग, अर्धे बसलेले असताना, दोन्ही हातांनी बैठकीच्या कडा धरून स्वतःसकट पुढे घेतो. ही दुसरी हालचाल धडधाकट माणसाच्या लक्षातही येत नाही, कारण त्या क्षणापुरते सारे वजन त्याचे गुडघे सहज पेलतात. सदाशिव पेठेतल्या ज्या काकूंसाठी मी खुर्ची करत होतो, त्यांना नेमकी तीच हालचाल जमत नव्हती. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, त्यात उजवा अधिक दुखरा, आणि घरातल्या सागवानी खुर्च्या चांगल्याच वजनदार. मुलगा किंवा सून येऊन खुर्ची पुढे ढकलेपर्यंत त्या वाढलेल्या ताटापासून हातभर अंतरावर बसून राहत. दुखण्यापेक्षा हे वाट पाहणे त्यांना जास्त लागत होते आणि पहिल्याच भेटीत त्यांनी ते स्पष्टपणे सांगितले होते.

टेबलाला समांतर, आडवे बसायचे आणि बसल्या जागी टेबलाकडे वळायचे, हा त्यावरचा उघड उपाय आहे आणि तो जुना आहे. 19व्या शतकातल्या प्रवासी आगबोटींच्या भोजनगृहांत खुर्च्या जमिनीला बोल्टने जखडलेल्या असत, म्हणजे बोट डोलू लागली तरी त्या सरकत नसत. जखडलेली खुर्ची मागे ओढता येत नाही, म्हणून तिची बैठक फिरती केली जाई. काकूंच्या घरात बोल्ट नव्हते, पण खुर्ची त्यांच्यापुरती जखडलेलीच होती, म्हणून या कामाचा विचार करताना मला कार्यालयातल्या फिरत्या खुर्चीपेक्षा बोटीवरची ती खुर्ची अधिक जवळची वाटली.

मुलाने सुरुवातीला कार्यालयातली खुर्चीच आणून पाहिली होती. ती न चालण्याची कारणे तिच्या रचनेतच आहेत. चाकांमुळे गुळगुळीत फरशीवर ती उठताना मागे पळते. बैठक आणि पाठ झुलणारी असल्यामुळे ज्याला आधार हवा त्याच्या अंगाखाली ती डळमळते. आणि ती कोणत्याही कोनात थांबते, म्हणजे खरे तर कुठेच थांबत नाही. कीबोर्डवरून फोनकडे वळणाऱ्या माणसाला हे स्वातंत्र्य हवे असते. हातात आमटीची वाटी असलेल्या माणसाला ते नको असते.

फर्निचरच्या सामानाच्या दुकानात मिळणारी, दोन चौकोनी पत्र्यांमध्ये गोळ्या बसवलेली फिरती प्लेटही मी बाजूला ठेवली होती. तिच्यावर सरळ खाली येणारे वजन ती उत्तम पेलते. प्रश्न कडेवरच्या वजनाचा असतो. उठताना माणूस आधी बैठकीच्या पुढच्या कडेवर येतो. 70 किलोचे वजन फिरण्याच्या आसापासून 28 सेंटीमीटरवर आले, की सुमारे 190 न्यूटन-मीटरचा कलंडवणारा जोर तयार होतो, आणि 30 सेंटीमीटरच्या प्लेटची मागची बाजू जवळजवळ 30 किलोच्या ताकदीने वर उचलली जाऊ पाहते. रोज दोन जेवणे आणि एक नाश्ता या हिशेबाने त्या प्लेटमध्ये लवकरच खेळ येतो आणि बैठक पुढे झुकू लागते. म्हणून भोसरीतल्या टर्नरकडून 30 मिलिमीटर व्यासाचा पोलादी स्पिंडल, म्हणजे फिरण्याचा दांडा, करून घेतला, वजनासाठी त्यावर 51106 क्रमांकाचे थ्रस्ट बेअरिंग घातले आणि कलंडवणारा जोर झेलण्यासाठी एकमेकांपासून 12 सेंटीमीटर अंतरावर दोन बुश, म्हणजे स्पिंडलला धरून ठेवणाऱ्या नळ्या, बसवले. हे सगळे बैठकीखाली, चार पायांच्या माथ्यावरच्या फुलीच्या चौकटीत लपते. खालून खुर्ची घरातल्या इतर खुर्च्यांसारखीच चार लाकडी पायांची दिसते.

या रचनेत माझ्या सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे आसाची जागा. तो बैठकीच्या मध्याखाली न ठेवता मी 6 सेंटीमीटर मागे घेतला. त्यामुळे काकू आडव्या बसल्या असताना टेबलापासून जेवढ्या दूर असतील, त्याहून त्या वळल्यावर 6 सेंटीमीटर जवळ येतात. रूळ नाही, सरकणारी चौकट नाही, तरी जेवायला वळणे आणि पुढे सरकणे एकाच हालचालीत होते. याची किंमत पायांच्या पसाऱ्यात मोजावी लागते. आडव्या स्थितीत वजन आसापासून बरेच दूर जाते, म्हणून पाय जमिनीवर 52 सेंटीमीटरच्या चौकोनात पसरले आणि खुर्चीचे एकूण वजन 14 किलोच्या खाली येऊ दिले नाही. पायांना जोडणाऱ्या खालच्या आडव्या पट्ट्या मात्र काढून टाकल्या. उठणाऱ्या माणसाला टाचा गुडघ्यांच्या मागे घ्याव्या लागतात, आणि नेमक्या तिथे पट्टी असली की टाच अडते. पट्ट्या गेल्यामुळे सांध्यांवर ताण वाढतो, तेव्हा पायांचे कुसू, म्हणजे खाचेत बसणारी टोके, लांब ठेवायचे आणि कोपऱ्यांत आतून ठोकळे बसवायचे, असे मिस्त्रींनी आणि मी ठरवले होते.

चाचणीच्या दिवशी आम्ही सकाळी प्लायचा कच्चा नमुना घेऊन काकूंकडे गेलो. नमुन्याला दोन्ही बाजूंना टेकायचे हात होते, बैठक डावीकडे आणि उजवीकडे 90 अंशांपर्यंत फिरत होती आणि आत एक स्प्रिंग होता, जो बैठकीला हळूच टेबलाकडे परत आणत होता. स्प्रिंगचा आग्रह मुलाचा होता. जेवण आटोपल्यावर सगळ्या खुर्च्या एका रांगेत टेबलाकडे तोंड करून दिसाव्यात, अशी त्याची इच्छा होती आणि ती रास्तच होती. तो स्प्रिंग ठेवायचा की नाही, हे त्या दिवशी ठरायचे होते.

बसणे सोपे गेले. काकू खुर्चीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, सुनेने बैठक उजवीकडे वळवून धरली, त्या बसल्या, पायांनी फरशीवर हलका रेटा दिला आणि टेबलाकडे वळल्या. ताट नेमके हातापुढे आले. स्वतःहून त्या दोन-तीनदा वळल्या आणि परतल्या. घरात आनंद झाला आणि चहा ठेवला गेला. मी मात्र त्यांच्या उठण्याची वाट पाहत होतो, कारण बसताना शरीर खुर्चीवर भार टाकत जाते आणि उठताना तो काढून घेत जाते. फिरत्या खुर्चीचा खरा कस या दुसऱ्या वेळी लागतो.

चहा झाल्यावर त्या उजवीकडे वळल्या, कडेवर सरकल्या, आणि त्यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर न ठेवता टेबलावर ठेवला. आडवे बसलेल्या माणसाच्या डाव्या अंगाला टेबलच असते, ते बळकट असते आणि खुर्चीच्या हातापेक्षा उंच असते, तेव्हा कोणीही तेच करील. उजवा हात खुर्चीवर आणि डावा न हलणाऱ्या टेबलावर, असे ठेवून त्यांनी जोर लावला आणि त्याच क्षणी बैठक त्यांच्याखाली फिरू लागली. सून शेजारीच उभी होती, तिने दंड धरला आणि काकू पुन्हा खाली बसल्या. इजा झाली नाही. पण काही क्षण कोणी बोलले नाही, आणि मिस्त्रींनी पुढे होऊन खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

कारण समजून घेणे कठीण नव्हते. दोन्ही हातांनी खुर्चीवरच सारखा रेटा दिला, तर डावी आणि उजवी बाजू एकमेकींना तोलतात आणि बैठकीला फिरण्याचे कारण उरत नाही. एक हात टेबलावर गेला की खुर्चीवरचा रेटा एकाच बाजूला येतो. आसापासून 27 सेंटीमीटरवर सहा किलोंच्या आसपास मागे जाणारा जोर पडला, तरी सुमारे 16 न्यूटन-मीटरचे पीळ देणारे बळ मिळते, आणि बैठक फिरवायला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे बळ पुरत होते. भरीला तो स्प्रिंग. माणसाचे वजन बैठकीवर असेपर्यंत तो जाणवत नाही. वजन उचलले जाऊ लागले, म्हणजे माणूस सर्वांत अस्थिर असतो, तेव्हाच तो आपले काम सुरू करतो. रिकामी खुर्ची नीट दिसावी म्हणून बसवलेली गोष्ट उठणाऱ्याच्या अंगाखालून बैठक काढून घेत होती.

मुलाने स्प्रिंग कमी ताकदीचा करता येईल का, असे विचारले. मिस्त्रींचे म्हणणे होते की घर्षण वाढवावे, म्हणजे बैठक जड फिरेल. दोन्ही सूचना मला पटल्या नाहीत. जड फिरणारी बैठक काकूंना पायांनी वळवता आली नसती. आणि कितीही मऊ स्प्रिंग असला तरी अर्धवट उठलेल्या माणसाखाली बैठकीने आपणहून हलणे मला मान्य नव्हते. फिरण्याला मध्यम मार्ग नाही, असे माझे ठाम मत त्या टेबलापाशी बनले: वळताना बैठक मोकळी हवी आणि इतर सर्व वेळ ती पक्की जखडलेली हवी.

मग मी काकूंनाच विचारले की तुम्ही कधी डावीकडून बसता का. त्या म्हणाल्या, “अहो, डावीकडे भिंत आहे. तिकडून कशी येणार?” या उत्तराने अर्धी रचना सुटली. खुर्चीला दोन्ही बाजूंना वळण्याची गरजच नव्हती. उजवीकडचे 90 अंश पुरेसे होते आणि त्या वळणात खुर्चीच्या डाव्या हाताचा काही उपयोग नव्हता. उलट आडव्या स्थितीत तो टेबलाच्या कडेखाली जात होता आणि टेबलाखालच्या पट्टीत व त्याच्यात बोटे सापडण्याची भीती होती. हलणाऱ्या दोन भागांमधली फट एक तर 8 मिलिमीटरपेक्षा कमी असावी किंवा 25 मिलिमीटरपेक्षा जास्त असावी, असा बोटांच्या सुरक्षिततेचा दंडक युरोपीय फर्निचर मानकांत आहे, आणि या घरात चार वर्षांचा नातू आहे. डावा हात काढून टाकला. उजवा हात ठेवला आणि जोर लावायला नीट सापडावा म्हणून तो बैठकीपासून 22 सेंटीमीटर उंच केला. बैठकीच्या पुढच्या कडेच्या 12 सेंटीमीटर अलीकडे तो संपतो, त्यामुळे टेबलाकडे तोंड असतानाही टेबलाच्या कडेला लागत नाही.

एकच हात असलेली खुर्ची पाहून मिस्त्री नाराज होते. खुर्ची विद्रूप दिसेल, असे त्यांनी दोनदा बोलून दाखवले. मला ती तशी वाटत नाही. टेबल हाच त्या खुर्चीचा दुसरा हात आहे आणि ती टेबलाशिवाय कधी वापरली जाणार नाही.

जखडण्यासाठी 12 मिलिमीटरची स्प्रिंगवर दाबलेली खिट्टी घेतली. खालच्या पोलादी चकतीत दोनच छिद्रे आहेत, एक टेबलासमोरचे आणि एक 90 अंशांवरचे. बैठक तिथे पोचली की खिट्टी आपोआप पडते. ती उचलणारी तार म्हणजे सायकलच्या ब्रेकची साधी तार, जी कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळते आणि कोणालाही बदलता येते. तिची कळ उजव्या हाताच्या टोकाखाली आहे आणि ती वर ओढावी लागते. ही दिशा मी आग्रहाने ठेवली. उठताना हाताचा जोर नेहमी खाली असतो, त्यामुळे गडबडीत किंवा तोल सावरताना हात खाली रेटला तरी त्या रेट्याने कळ ओढली जाऊन बैठक सुटत नाही. बोटांचीही संधिवाताने झीज होते, म्हणून तरफ लांब घेऊन ती दोन बोटांनी उचलता येईल एवढी हलकी केली.

मुलाचा स्प्रिंग गेला. जेवणानंतर खुर्ची आडवीच राहते आणि घरातले कोणीतरी कळ उचलून ती सरळ करते. शिवाय त्या बाजूला तीनऐवजी दोनच खुर्च्या ठेवाव्या लागल्या, कारण वळताना गुडघ्यांचा घेर आसापासून जवळजवळ 40 सेंटीमीटर जातो आणि टेबलाचा कोपऱ्यातला पाय त्याबाहेर राहायला हवा. या दोन्ही गोष्टी मी आधी सांगितल्या आणि त्यांनी त्या मान्य केल्या.

पक्की खुर्ची सी. पी., म्हणजे जुन्या मध्य प्रांतातल्या, सागात झाली. बैठकीची उंची इतर खुर्च्यांपेक्षा थोडी जास्त, 47 सेंटीमीटर ठेवली; टेबलाखालच्या पट्टीपर्यंत मांड्यांना 19 सेंटीमीटर जागा उरते. फोम 40 घनतेचा आणि पातळ आहे, कारण खोल रुतणाऱ्या गादीतून उठायला गुडघ्यांना अधिक कष्ट पडतात. खुर्ची पोचवली त्या दिवशी काकूंनी एक हात टेबलावर आणि एक खुर्चीवर ठेवून, तशाच पद्धतीने जोर लावला आणि त्या उठल्या. बैठक हलली नाही. सून या वेळी स्वयंपाकघरात होती.

नंतर मुलाने उरलेल्या सगळ्या खुर्च्या तशाच करून मागितल्या. मी नको म्हटले. इतरांना वळण्याची गरज नाही, आणि प्रत्येक फिरत्या बैठकीला मोकळी जागा लागते, ती सहा माणसांच्या टेबलाभोवती नाही. काकांसाठी मात्र त्याच मापाची, न फिरणारी, दोन्ही हातांची एक खुर्ची सध्या कारखान्यात आहे. काकूंच्या खुर्चीची तार आणि खिट्टी वर्षातून एकदा तपासून ग्रीस बदलायचे, असे ठरले आहे, आणि ते काम मिस्त्रींनी स्वतःकडे घेतले आहे.