सायनला बाहेर बसवू नका

फायनल फॅन्टसी सिक्स या जुन्या व्हिडिओ गेममध्ये कॅरेक्टर आहेत १४ आणि लोक वापरतात चार-पाच. टेरा, सेलिस, एडगर, सेबिन, फार तर लॉक. जुने खेळाडू असोत नाहीतर आत्ता पिक्सेल रिमास्टर, म्हणजे गेमचं नवं करून आलेलं व्हर्जन, फोनवर घेऊन बसलेली पोरं असोत, लिस्ट तीच, आणि लिस्टच्या तळाला पण नाव तेच, सायन. माझं म्हणणं असं आहे की अख्ख्या गेममध्ये सगळ्यात चांगलं लिहिलेलं कॅरेक्टर सायन आहे आणि त्याला लढाईत न घेता एअरशिपवर, म्हणजे उडत्या जहाजावर, बसवून ज्यानं गेम संपवला त्याचं बघायचं बरंच राहून गेलंय, हे मी कुणासमोरही सांगायला तयार आहे.

हे सगळं परत डोक्यात आलं ते माझ्या मावसभावामुळं. गडहिंग्लजचा आहे, इथं कोल्हापुरात राजारामपुरीत रूम करून राहतोय, आयुष्यात पहिल्यांदा हा गेम खेळतोय. रंकाळ्यावर बसलो होतो तर म्हणाला, "दादा, त्या म्हाताऱ्याला कशाला घ्यायचं पार्टीत? त्यो नुस्ता आकडं मोजत बसतोय, तवर हिकडं सगळी मरत्यात." आता त्याची तक्रार खोटी नाहीय. जुन्या सुपर निन्टेंडोच्या व्हर्जनमध्ये सायनची स्वोर्डटेक, म्हणजे त्याचे तलवारीचे आठ खास वार, वापरायची म्हणजे एक पट्टी भरत जाते, एक, दोन, तीन असं करत आठपर्यंत, आणि तो आकडा येईपर्यंत तुम्हाला दुसऱ्या कुणाला कमांडच देता येत नाही. एडगरचं काम कसं, टूल निवडलं की विषय संपला. सेबिनला बटणांचं कॉम्बिनेशन मारलं की झालं. आणि हा आपला उभा. त्यामुळं लोक आठव्या नंबरची वाट बघतात, मार खातात, वैतागतात आणि त्याला कायमचा बाहेर काढतात.

पण आठची वाट बघायला सांगितलंय कुणी? पहिला नंबर लगेच येतो आणि तो शत्रूचा डिफेन्स मोजतच नाही, म्हणजे कवचवाल्या राक्षसांवर नेहमीच्या तलवारीच्या वारापेक्षा तो कितीतरी बरा. दुसरा नंबर म्हणजे पवित्रा घेऊन उभं राहायचं आणि समोरच्यानं मारलं की उलटा वार, गेमच्या सुरवातीच्या भागात याच्यावर बऱ्याच मारामाऱ्या निघतात. चौथ्या नंबरला चार वार पडतात. एक, दोन, चार एवढंच धरून खेळा, अधनंमधनं पाचवा घ्या, त्यात शत्रूचा एचपी-एमपी, म्हणजे जीव आणि जादूची ताकद, ओढून घेता येतो. एवढं सांगितल्यावर भाऊ चार दिवसांनी "जमतंय की लगा" म्हणाला. पण खरं सांगायचं तर सायन डॅमेजसाठी नाहीच घ्यायचा, डॅमेजला बाकीचे आहेत. सायन घ्यायचा तो त्याच्या गोष्टीसाठी.

सायन ५० वर्षांचा आहे. बाकीची बरीच मंडळी विशी-पंचविशीतली, आणि हा बायका-पोरांचा, राजाच्या शब्दावर जगणारा, मशीन बघितली की बिचकणारा, जुन्या धाटणीचं बोलणारा माणूस. त्याचं डोमा राज्य एम्पायरच्या, म्हणजे गेममधल्या शत्रू साम्राज्याच्या, वेढ्यात असतं. हा एकटा बाहेर पडून त्यांच्या कॅप्टनला पाडतो आणि फौज मागं हटते, वाटतं आता किल्ला वाचला. मग एम्पायरच्या जनरल लिओला परत बोलावणं येतं, तो गेला रे गेला की केफ्का, गेमचा खलनायक, नदीत विष टाकतो. त्याचाच एक शिपाई सांगतो की आत आपली माणसं कैदेत आहेत, तरी टाकतो. किल्ल्याभोवतीचं ते पाणी जांभळं होत जातं आणि आत एकेक माणूस कोसळायला लागतो. २०१९ चा पूर ज्यांनी कोल्हापुरात काढलाय, चारी बाजूला पंचगंगेचं पाणी आणि घरात प्यायला थेंब नाही, टँकर कधी येतोय म्हणून घागरी घेऊन उभं राहायचं, त्यांना पाणीच वैरी होणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मी तो सीन पुरानंतर परत खेळलो तेव्हा मला तो पहिल्यापेक्षा जड गेला.

सायन धावत राजाकडं जातो, राजा शेवटचं बोलून जातो. मग आपल्या खोलीकडं जातो. बायको खाली पडलेली. पोरगा पलंगावर, झोपलाय असं वाटतं, आणि हात लावला की तो खाली पडतो. १६-बिटचा गेम आहे, बोटभर उंचीची चित्रं, चेहऱ्यावर हावभाव दाखवायला जागा नाही, तरी ते एवढं पोचतं. नंतर तो एकटाच एम्पायरच्या छावणीत घुसतो, मरायलाच चाललेला असतो तो, सेबिन मध्ये पडतो म्हणून वाचतो.

आणि पुढं ती भुतांची ट्रेन. मेलेल्यांना पलीकडं नेणारी गाडी. हे लोक कसंबसं खाली उतरतात आणि त्याच प्लॅटफॉर्मवरनं सायनची बायको आणि मुलगा गाडीत चढताना दिसतात. तो धावतो. गाडी सुटते. ती दोघं त्याचा निरोप घेतात आणि तो प्लॅटफॉर्मच्या टोकाला मान खाली घालून उभा राहतो. इथं गेमनं त्याच्या तोंडी मोठं भाषण घातलं नाही, बदला घेईन वगैरे ओरडायला लावलं नाही, आणि १९९४ च्या गेममध्ये एवढा संयम दाखवला याबद्दल मला ते बनवणाऱ्यांविषयी फार आदर वाटतो.

लोकांना एवढं आठवतं. ट्रेन सगळ्यांना आठवते. पण सायनची गोष्ट तिथं संपत नाही, तिथनं सुरू होते, आणि पुढचा भाग बघितलेलाच नसतो कारण गेम तो बघायची सक्ती करत नाही. जग मोडल्यानंतरच्या दुसऱ्या अर्ध्या भागात सेलिस, एडगर आणि सेट्झर एवढे तीनच परत मिळणं बंधनकारक आहे, बाकी सगळे तुम्ही शोधले तर सापडणार. मग ज्याला सायन आवडत नाही तो कशाला शोधायला जाईल?

तर मारांडा नावाच्या गावात लोला म्हणून एक मुलगी आहे. तिचा मित्र सैनिक, जखमी होऊन मोब्लिझ गावात पडलेला. पहिल्या भागात तुम्ही त्याच्या वतीनं तिला पत्रं पाठवू शकता. दुसऱ्या भागात मोब्लिझ केफ्कानं उद्ध्वस्त केलेलं असतं, आणि तरीही लोलाला पत्रं येतायत, बरोबर फुलं येतायत, पण ती फुलं रेशमाची. ती खुशीत आहे. तिचं उत्तर घेऊन कबुतर उडतं त्याच्या मागावर गेलात की झोझोच्या डोंगरावर एका गुहेत सायन सापडतो. त्या मेलेल्या सैनिकाच्या नावानं पत्रं हाच लिहित असतो. फुलं पण हाच करत असतो, त्या हातांनी.

आता आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या, जी मला कुणी बोललेलं ऐकायला मिळालं नाही. नारशे गावात सायन पहिल्यांदा सेलिसला, म्हणजे एम्पायरच्या जुन्या जनरलला, बघतो तेव्हा तिच्यावर तलवार काढतो, आणि म्हणतो काय तर मारांडा जाळणारी ही. तेच मारांडा! ज्या गावासाठी तो तेव्हा एका मुलीला मारायला निघाला होता, त्याच गावातल्या दुसऱ्या एका मुलीला जगायला आधार म्हणून तो एकटा डोंगरावर बसून लिहितोय. आणि लिहिता लिहिता त्याला कळतं की आपण तिला खोट्यात अडकवलंय आणि आपण स्वतः पण तसेच अडकलोय. मग तो तिला खरं काय ते कळवतो, पुढं बघ म्हणतो, आणि हे सांगणारा माणूस स्वतः बायको-पोराच्या मरणातनं बाहेर यायला धडपडतोय. दुःखातनं माणूस कसा बाहेर येतो हे एवढं नीट सांगणारा दुसरा भाग मला तरी या गेममध्ये दिसत नाही, टेराची गोष्ट धरूनसुद्धा, आणि टेरा मला मनापासनं आवडते.

गाउबद्दल पण बोललंच पाहिजे. तेरा वर्षांचं पोरगं, वेल्ड्टच्या माळावर प्राण्यांत वाढलेलं. लोक त्याला टाळतात कारण एकदा रेज, म्हणजे एखाद्या राक्षसाची नक्कल, लावला की तो तुमच्या ताब्यात राहत नाही, त्याच्या मनाला येईल तसं मारतो, आणि कुठल्या राक्षसाचा रेज काय करतो हे जुन्या व्हर्जनमध्ये गेम सांगत नाही. पण स्ट्रे कॅटचा रेज मिळवून बघा, चौपट मार आहे त्याचा, सुरवातीच्या भागात त्याच्या जवळपास कुणी येत नाही. शस्त्र विकत घ्यायला नको, काही नको. आणि सायनशी त्याचं जे जमतं ते फार गोड आहे, पोरगा गेलेला बाप आणि बापानं टाकलेला पोरगा, गेम हे शब्दांत कुठं सांगत बसत नाही, गाउ त्या म्हाताऱ्याच्या बोलण्याची नक्कल करत त्याला चिडवतो आणि तो चिडतो, बास.

उमारो, स्ट्रॅगो या आणखी दोन कॅरेक्टरची वकिली मी करणार नाही. स्ट्रॅगोची लोर, म्हणजे राक्षसांकडनं शिकायची जादू, गोळा करायला मजा येते, उमारो ताब्यातच येत नाही, ज्याला आवडेल त्यानं घ्यावा.

जे आत्ता खेळतायत त्यांच्यासाठी, भावा तुझ्यासाठी पण. एअरशिप हातात आली की केफ्काच्या टॉवरकडं पळू नका. आधी मारांडा, मग झोझो, तिथलं गंजलेलं दार उघडायला गावातच एक जण गंज काढायचं औषध विकतो ते घ्या. सायन मिळाला की त्याला घेऊन डोमाच्या किल्ल्यात झोपा, त्याच्या स्वप्नात जायला मिळतं, ती ट्रेन परत येते, बायको-पोराबरोबरचे जुने दिवस दिसतात, आणि तिथनं बाहेर आलात की राहिलेली सगळी स्वोर्डटेक त्याला एकदम येते, आठच्या आठ. आणि सेबिन-गाउला बरोबर घेऊन डोमाच्या उत्तरेला जे एकटं घर आहे तिथं नक्की जा. आत गाउचा बाप आहे. तो पोराला ओळखत नाही, आणि त्यावर गाउ जे म्हणतो ते मी इथं लिहित नाही, ते तुम्ही स्वतः वाचा.