हलंतापाशी थांबलेला बिल्ड

देवनागरी शब्दांची अक्षरांमध्ये फोड करणारी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी आम्ही काही जण नोकरी सांभाळून चालवतो. बदल पाठवणाऱ्याने टेस्ट स्वतःच्या लॅपटॉपवर चालवायच्या आणि सर्व टेस्ट उत्तीर्ण झाल्याचे पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल सामावून घेण्याच्या विनंतीत, लिहायचे, एवढीच तिची तपासणी होती. लायब्ररी सांभाळणारी मेंटेनर मंडळी सगळी लिनक्सवर काम करणारी असल्यामुळे ही पद्धत बरीच वर्षे निभावली. बाहेरून कोड येऊ लागला, तेव्हा मात्र प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी सीआय बसवणे आवश्यक झाले, आणि ते काम मी मागून घेतले.

रेपॉझिटरी, म्हणजे आमच्या कोडचे भांडार, गिटहबवर असल्याने तेथीलच गिटहब ॲक्शन्स ही सीआय सेवा निवडली. सार्वजनिक प्रकल्पांना तेथील नेहमीचे रनर, म्हणजे टेस्ट चालवणारी यंत्रे, विनामूल्य मिळतात आणि उबुंटू, विंडोज व मॅकओएस या तिन्ही प्रणाली एकाच वर्कफ्लोमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या मांडणीत, मागवता येतात. ही मांडणी लिहायची यामल फाइल तयार करायला फार वेळ लागला नाही. त्यात दोन गोष्टी जपाव्या लागतात. पायथनची ३.१० ही आवृत्ती अवतरणचिन्हांत लिहिली नाही, तर यामल तिला संख्या समजते आणि शेवटचे शून्य गळून ३.१ उरते. दुसरे म्हणजे, एक जॉब, म्हणजे एका प्रणालीवर पायथनच्या एका आवृत्तीसह चालणारी तपासणी, पडला की बाकीचे रद्द करण्याची मूळ मांडणी बंद करावी. कोणत्या प्रणालीवर नेमके काय बिघडते हे एकत्र पाहायचे असेल, तर सगळे जॉब शेवटपर्यंत चालले पाहिजेत. अनोळखी व्यक्तीने पाठवलेला कोडही या यंत्रांवर चालणार असल्यामुळे वर्कफ्लोच्या टोकनला, म्हणजे रेपॉझिटरीत शिरण्याच्या त्याच्या परवान्याला, मी फक्त वाचनाचा अधिकार ठेवला.

पहिल्याच फेरीत उबुंटू आणि मॅकओएस हिरवे झाले, विंडोजचे सर्व जॉब लाल झाले. लॉग उघडला तेव्हा प्रत्येक आवृत्तीवर तीच तक्रार होती: शब्दांची फाइल वाचताना ८डी हा बाइट (बाइटांची मूल्ये येथे सोळा-आधारी पद्धतीने लिहिली आहेत) उलगडता येत नाही. कारण तसे प्रसिद्ध आहे. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत, सांगितले नाही, तर पायथन त्या यंत्राचे प्रचलित एन्कोडिंग वापरतो. लिनक्स आणि मॅकवर ते यूटीएफ-८ असते, तर त्या विंडोज रनरवर ते पश्चिम युरोपीय भाषांसाठीचे सीपी-१२५२ होते. मला थांबवले ते त्या बाइटने. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि पाय मोडण्याच्या चिन्हाचे, म्हणजे हलंताचे, तीन बाइट ई०, ए५ आणि ८डी असे आहेत. सीपी-१२५२मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. हलंताचा शेवटचा बाइट नेमका त्यांपैकी एका जागेवर पडतो. आमच्या शब्दसूचीच्या अगदी सुरुवातीला जोडाक्षर होते आणि बिल्ड तेथेच अडला होता.

मग उरलेल्या चार जागांवर कोण पडते, हे कागदावर मांडून पाहिले. ऱ्हस्व उकार ८१वर, ए ८एफवर, ऐ ९०वर आणि झ ९डीवर. मराठीत नेहमी लागणारी चिन्हे मोजकीच अडतात. बाकी जवळजवळ सगळी वर्णमाला कोणतीही कुरकूर न करता चुकीची वाचली जाते. हे लक्षात आल्यावर मी आमच्या जुन्या तक्रारींकडे वळलो.

पहिलीच्या वर्गासाठी वाचनपाठ तयार करणाऱ्या एका शिक्षिकेने पूर्वी लिहिले होते की आमचा प्रोग्राम ‘कमळ’ या शब्दात नऊ अक्षरे असल्याचे सांगतो. कोणालाच आपल्या यंत्रावर ते घडवून दाखवता आले नव्हते आणि ‘पुन्हा आढळले नाही’ या शेऱ्यानिशी ती तक्रार बंद झाली होती. आता त्या नऊ अक्षरांचा हिशेब लागत होता. पहिलीच्या सुरुवातीच्या पाठांत जोडाक्षर नसते, उकारही नसतो. कमळ, बदक, मगर, घर अशा शब्दांतील एकही बाइट रिकाम्या जागेवर पडत नाही, म्हणून त्यांच्या विंडोज संगणकावर प्रोग्राम कधी थांबलाच नाही. तीन वर्णांचे नऊ बाइट त्याने नऊ परकी अक्षरे म्हणून वाचले आणि मोजले. निकालाची फाइल लिहितानाही तेच एन्कोडिंग वापरले गेल्यामुळे ते बाइट जसेच्या तसे परत उतरले. म्हणून फाइलमध्ये शब्द शुद्ध दिसत होता आणि फक्त आकडा तिप्पट होता.

आमच्या टेस्टही हे पकडू शकल्या नसत्या. बहुतेक टेस्टमधील शब्द थेट कोडमध्ये लिहिलेले होते आणि पायथनची सोर्स फाइल कोणत्याही प्रणालीवर यूटीएफ-८ म्हणूनच वाचली जाते. बाहेरची फाइल वाचणारी एकमेव टेस्ट शब्द फोडून पुन्हा जोडत होती आणि मूळ शब्द परत मिळाला की समाधान मानत होती. चुकीचा वाचलेला शब्दही फोडून जोडला की तसाच परत मिळतो. त्या सूचीत जोडाक्षर नसते, तर विंडोजचे जॉबही त्या दिवशी हिरवे झाले असते.

यानंतर आमच्यात खरा वाद झाला. वर्कफ्लोमध्ये पायथनचा यूटीएफ-८ मोड (सगळीकडे यूटीएफ-८ गृहीत धरणारा) सुरू करणारे एक एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे कोडबाहेर यंत्रावर ठेवलेले मूल्य, दिले की विंडोजचे जॉब लगेच हिरवे होतात, आणि एका सहकाऱ्याने तसा बदल तयारही केला. मी त्याला ठाम विरोध केला. ते व्हेरिएबल आमच्या रनरवर असेल, त्या शिक्षिकेच्या संगणकावर नसेल. वापरणाऱ्याच्या यंत्रावर जी परिस्थिती आहे तीच रनरवर राहिली पाहिजे. ती गुळगुळीत करून मिळवलेला हिरवा बिल्ड वापरणाऱ्याची दिशाभूल करतो, आणि तसा बिल्ड असण्यापेक्षा सीआय नसलेली बरी, असे माझे मत मी तेथे लिहिले आणि आजही ते तसेच आहे. चर्चा लांबली, पण अखेर तो बदल मागे घेण्यात आला.

त्याऐवजी फाइल वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या प्रत्येक ओळीत एन्कोडिंग स्पष्ट लिहिले. लगेच पुढची अडचण समोर आली: वाचन सुधारले, पण निकाल छापताना प्रोग्राम पुन्हा पडला, कारण रनरवर आउटपुटही सीपी-१२५२मध्येच जात होते आणि देवनागरीला तेथे जागाच नाही. तेही कोडमध्येच दुरुस्त केले. पायथन ३.१०पासून, एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर इशारा देण्याची सोय आहे. ती सुरू करून तो इशारा हीच चूक मानणारा एक स्वतंत्र जॉब जोडला. शिक्षिकेची तक्रार पुन्हा उघडून तिचे कारण तेथे सविस्तर लिहिले, त्यांची क्षमा मागितली आणि त्यांच्या संमतीने त्यांचीच शब्दसूची, प्रत्येक शब्दाच्या अपेक्षित अक्षरसंख्येसह, टेस्टमध्ये घेतली. कोणताही बदल कोडच्या मुख्य शाखेत मर्ज होण्यापूर्वी तिन्ही प्रणालींवरील सर्व जॉब उत्तीर्ण झाले पाहिजेत, असा नियमही त्याच दिवशी लावला.

पायथन ३.१५पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग ठरवण्यात आले आहे. त्यामुळे स्पष्ट एन्कोडिंगच्या या ओळी आणि इशाऱ्याचा तो जॉब पुढे काढून टाकता येतील का, असे एका नव्या सहकाऱ्याने विचारले. शाळांतील संगणकांवर एकदा बसवलेली आवृत्ती वर्षानुवर्षे तशीच राहते, म्हणून जुन्या आवृत्त्यांना आम्ही आधार देतो तोवर दोन्ही ठेवायचे असे ठरले आहे, आणि ते कारण वर्कफ्लोच्या फाइलमध्ये त्या जॉबच्या वर मराठीत लिहून ठेवले आहे.