गाण्याची खरी पट्टी

त्या रविवारी मी एका गाण्याच्या चार ओळी प्रेक्षकांना दाखवल्या नाहीत. त्या लिहून तयार होत्या, दोनदा तपासलेल्या होत्या आणि माझे बोट कळीवर होते. तरीही मी कळ दाबली नाही. चित्रपट संपल्यावर आयोजकांनी कारण विचारले, तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. ते उत्तर स्वतःपुरते तरी नीट मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

फिल्म सोसायट्या आणि जर्मन शिकणारे विद्यार्थी यांच्यासाठी मी जर्मन चित्रपटांची मराठी उपशीर्षके तयार करते. पुष्कळदा ती चित्रपटावर छापलेली नसतात. पडद्याखाली दुसऱ्या प्रोजेक्टरची वेगळी पट्टी असते आणि अंधारात बसून, संवाद कानाने ऐकत, एकेक ओळ मी हाताने सोडत जाते. या वेळचा चित्रपट होता १९४९ सालचा ‘हॅलो, फ्रॉइलाइन!’. दिग्दर्शक रूडॉल्फ युगर्ट. दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले आहे, आणि जॅझवर प्रेम करणारा एक अमेरिकी अधिकारी व एक जर्मन गायिका मिळून निरनिराळ्या देशांतल्या माणसांचा वाद्यवृंद उभा करतात. त्या गायिकेवर एका जर्मन माणसाचेही प्रेम आहे. गायिकेचे काम मार्गोट हील्शर यांनी केले आहे. चित्रपटाची कल्पनाही त्यांचीच होती, आणि ती युद्धानंतर अमेरिकी सैनिकांसमोर गाण्याच्या त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आली होती. अमेरिकी अधिकारी झालेले पेटर फान आइक मूळचे जर्मन. तरुणपणी देश सोडून ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि अमेरिकी सैन्याबरोबर परत आले. दोन्ही मुख्य कलाकार जे जगले, त्याच्या फार जवळचे काही पडद्यावर करत आहेत, ही गोष्ट मला भाषांतर करताना सतत जाणवत होती.

अशा चित्रपटाला ‘हलकाफुलका संगीतपट’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांचा मला राग येतो. १९३५ साली, नाझी राजवटीत, जर्मन रेडिओवरून जॅझला बंदी घालण्यात आली होती. हॅम्बुर्गमधली स्विंगवर, म्हणजे नाचासाठीच्या जॅझवर, थिरकणारी, इंग्रजी गाणी गुणगुणणारी शाळकरी आणि कॉलेजवयीन मुले १९४१ नंतर पोलिसांनी धरून नेली. त्यांतल्या काही मुलांना मोरिंगेनच्या आणि काही मुलींना उकरमार्कच्या छळछावणीत धाडले गेले. मग १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याचे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि तेच संगीत उघडपणे घराघरांत वाजू लागले. १९४९ साली थिएटरात बसलेल्या पंचविशीतल्या जर्मन प्रेक्षकाला पडद्यावर ड्रम घुमू लागताच काय वाटले असेल, हे उपशीर्षकात कुठेच लिहिता येत नाही. दोन ओळींत तळटीप बसत नाही.

त्या दोन ओळींचा हिशेब बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. एका ओळीत साधारण ३५ ते ४० अक्षरचिन्हे, आणि वाचायला जास्तीत जास्त सहा सेकंद. देवनागरीत आणखी एक पेच असतो. वरच्या ओळीतल्या शब्दाचा उकार आणि खालच्या ओळीतल्या शब्दाची वेलांटी किंवा रफार एकमेकांना भिडले की मागच्या रांगेतल्या माणसाला नुसता काळा गोळा दिसतो. म्हणून कधी कधी चांगला शब्द केवळ त्याच्या उकारापायी सोडावा लागतो. उलट एका बाबतीत मराठीवर माझा फार जीव आहे. जर्मन वाक्यात मुख्य क्रियापद पुष्कळदा अगदी शेवटी येते, आणि मराठीतही ते शेवटीच येते. पात्र वाक्याच्या टोकाला पोचून थबकते, ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो, आणि नेमक्या त्याच क्षणी मराठी वाचकही क्रियापदावर पोचतो. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यांना हे सुख मिळत नाही, कारण इंग्रजी उपशीर्षकात गुपित आधीच फुटलेले असते. जर्मनमधले ‘झी’ आणि ‘डू’ हेही आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’मध्ये अलगद उतरतात. कोण कोणाला कोणत्या प्रसंगापासून ‘तू’ म्हणू लागतो, याचा तक्ता मी प्रत्येक चित्रपटासाठी कामाच्या सुरुवातीलाच करते.

अडले ते नावापाशी. ‘फ्रॉइलाइन’ म्हणजे अविवाहित स्त्री, पण शब्दाची घडण ‘फ्राउ’ म्हणजे स्त्री आणि त्याला लावलेला लघुत्वाचा प्रत्यय अशी आहे. पश्चिम जर्मनीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी व्यवहारातून हा शब्द काढून टाकला गेला. युद्धानंतर अमेरिकी सैनिक रस्त्यातल्या कोणत्याही जर्मन मुलीला हीच हाक मारत, आणि त्या हाकेत ओळख वाढवण्याची इच्छा, जेत्याची मुजोरी आणि एकटेपणा हे सगळेच असे. ‘कुमारी’ शाळेच्या दाखल्यावरचा शब्द, ‘बाई’ वयाने मोठी, ‘ताई’ म्हटले की प्रश्नच मिटतो. शेवटी मी ‘काय गं पोरी!’ असे केले आणि तोच सूर पुढच्या गाण्यांनाही लावला. गाण्यांच्या ओळी मी मात्रा मोजून, भावगीतासारख्या यमकात बांधल्या होत्या. ‘राजसा’ होता, लाडिक ‘गं’ होता. एका सहकाऱ्याने सुरुवातीलाच म्हटले होते, “गाण्यांना कशाला एवढा वेळ घालवता? ती तर कोणी वाचतही नाही.” अनेक वर्षे काम केलेल्या माणसाने हे म्हणावे, याचे मला अजूनही वाईट वाटते.

चार आठवडे मी आयोजकांनी पाठवलेल्या प्रतीवर काम केले. रविवारी सभागृहात लावली गेली ती प्रत मात्र वेगळी होती. आधीची प्रत टीव्हीसाठी केलेली, सेकंदाला २५ चौकटींनी (फ्रेमनी) चालणारी. ही चित्रपटाच्या मूळ वेगाची, सेकंदाला २४ चौकटींची. प्रत बदलल्याचे मला कोणी कळवले नव्हते. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण त्याने दहा मिनिटांमागे २४ सेकंद सरकतात, म्हणजे तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटे. उपशीर्षके आपोआप सोडली असती तर पात्राने तोंड उघडण्याआधीच त्याचे वाक्य पट्टीवर येऊन गेले असते. मी सगळे वेळांक, म्हणजे कोणती ओळ कधी दाखवायची त्या नोंदी, बाजूला ठेवले आणि पहिल्या मिनिटापासून प्रत्येक ओळ कानावर भिस्त ठेवून हाताने सोडू लागले. संवादांचे जमले.

मग ते गाणे सुरू झाले आणि मी हबकले. टीव्हीच्या प्रतीत चित्र वेगाने पळते तेव्हा आवाजही चढतो. काही ठिकाणी तो पुन्हा खाली आणतात, पण माझ्या प्रतीत आणलेला नव्हता. त्यामुळे महिनाभर मी जो आवाज ऐकत होते तो मूळ आवाजापेक्षा जवळजवळ अर्धा स्वर वर आणि थोडा घाईचा होता, पेटीवर पांढऱ्या पट्टीशेजारची काळी दाबावी तसा. त्या चढ्या आवाजात मला एक अवखळ मुलगी ऐकू आली होती. सभागृहात गात होती ती एक प्रौढ बाई. चित्रपट आला त्या वर्षी हील्शर तिशीला पोचत होत्या. त्यांचा स्वर खालचा, किंचित भरड, शब्द संपल्यावरही श्वास धरून ठेवणारा; ताल तोच, पण ती त्याच्या किंचित मागे राहून गात होती. युद्धाची सगळी वर्षे जिने पाहिली आहेत अशी स्त्री नाचाचे गाणे गाते तेव्हा ते असेच ऐकू येत असले पाहिजे.

माझ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर पुढची ओळ तयार होती. तिच्यात ‘राजसा’ होता, यमक होते, मात्रा बरोबर होत्या. त्या आवाजाखाली ती ओळ खोटी दिसली असती. ऐन वेळी दुसरी लिहिण्याइतका अवधी नव्हता. मी बोट उचलले. चार ओळी पट्टी कोरी राहिली आणि पुढच्या संवादापासून मी पुन्हा सुरू केले.

त्या चार ओळींच्या काळात सभागृहात कोणी चुळबुळ केली नाही, एवढे मी सांगू शकते. पण बाहेर पडताना एक काका म्हणाले, “गाण्याचा अर्थ कळला असता तर बरे झाले असते हो.” त्यांचे म्हणणे रास्त होते. त्यांनी तिकीट अर्थासाठी काढले होते, आणि अर्थ त्यांच्यापर्यंत पोचवायचा हेच माझे काम होते. चुकीच्या सुरातला का होईना, अर्थ त्यांना द्यायला हवा होता का, हे मी आजही ठरवू शकलेले नाही.

आता फाइल पुन्हा उघडली आहे. वेळांक २४ चौकटींवर नव्याने बसवले आहेत. गाण्यांतला ‘गं’ आणि ‘राजसा’ काढले, यमके सोडली, ओळी लहान केल्या. नायिकेच्या तक्त्यात एके ठिकाणी मी घाईने ‘तू’ लिहिले होते, तिथे ‘तुम्ही’ केले. चित्रपटाच्या नावाखाली ‘काय गं पोरी!’ होते, ते खोडून ‘हॅलो, फ्रॉइलाइन!’ एवढेच ठेवले आहे. पुढच्या वेळी प्रत हातात आल्यावर सर्वांत आधी ते गाणे डोळे मिटून ऐकणार आहे, आणि मगच बाकीची फाइल तपासायला घेणार आहे.