फ्लँजवरची ८५ ची रेघ

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत बिडाचं राज्य. आजूबाजूला फाउंड्र्या, त्यामुळे आमच्या सीएनसी लेथच्या शॉपला येणारा माल बहुतेक ग्रे कास्ट आयर्नचा, म्हणजे बिडाचाच, मधूनच ईएन८ पोलाद. बिडाचा बर, म्हणजे कापताना निघणारी चिप, भुगा होऊन पडतो, कूलंट नसला तरी चालतं, आणि काही अडलं की 'हळू घे' हा एकच मंत्र. तिथं एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलचे फ्लँज, म्हणजे गोल चकत्या, आले. बाहेरून ८० मिमी, मध्ये २० चं बोअर, म्हणजे भोक.

फेसिंग झालेला, म्हणजे सपाट तोंड (फेस) कापून झालेला, पहिलाच जॉब बघून मामा, म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, वैतागले. बाहेरून आत येताना फेस आरशासारखा, आणि मधूनच एका गोलापासून बोअरपर्यंत काळपट, ओरबाडल्यासारखा. मालकांना आधी मालाचीच शंका. चुंबक लावून बघितला, चिकटला नाही. पण तेवढ्यावर ३०४ सिद्ध होत नाही, स्वस्तातलं २०२ पण चुंबकाला दाद देत नाही. टेस्ट सर्टिफिकेट मात्र ठीक होतं.

मामांनी सवयीनं आरपीएम, म्हणजे जॉबचे मिनिटाचे फेरे, ६०० वरनं ४०० वर आणला. चकाकणारा पट्टा उलट अरुंद झाला!

"आवो, हळू घेतलं तर आणखीनच बिघडतंय की," मामा म्हणाले.

मी दोन्ही जॉब टेबलावर ठेवले आणि फिनिश जिथं बदलते तिथला व्यास व्हर्नियरनं मोजला. ६०० वाल्यावर साधारण ४५, ४०० वाल्यावर ६७ च्या पुढं. व्यास गुणिले पाय (३.१४) गुणिले आरपीएम, भागिले हजार, म्हणजे कटिंग स्पीड: माल धारेखालून सरकतो तो वेग. दोन्हीकडं उत्तर मिनिटाला ८५ मीटरच्या आसपास! मग माल, मशीन, इन्सर्ट (टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा) कशावरच संशय घ्यायचं कारण उरलं नाही. प्रोग्रॅममध्ये जी९७ हा कोड होता, म्हणजे आरपीएम कायम. टूल आत सरकेल तसा व्यास कमी होतो आणि कटिंग स्पीड घसरत जातो. ६०० ला बाहेर १५०, बोअरपाशी जेमतेम ३८.

३०४ चिवट. कमी स्पीडला त्याचे कण दाबानं इन्सर्टच्या धारेला चिकटतात, थरावर थर बसतो, तोच धार बनून कापायला लागतो आणि तुटताना फेस ओरबाडतो. स्पीड वाढला की धारेपाशी उष्णता वाढते, थर मऊ पडतो, टिकत नाही. इन्सर्ट काढून भिंगाखाली धरला, तर टोकाला चांदीसारखा डाग होता. मामांनी तो नखानं खरवडून बघितला, हलला नाही.

फीड, म्हणजे एका फेऱ्याला टूल सरकतं ते अंतर, ०.०५ मिमी करून बघायचा मामांचा विचार होता, तो मीच थांबवला. एवढ्या बारीक फीडला धार कापण्यापेक्षा घासते जास्त, आणि ३०४ घासलं की वरचा पापुद्रा कडक होतो. पुढचा कट त्या कडक पापुद्र्यातच जातो.

मग कटिंग स्पीड कायम ठेवणारा जी९६ लावून स्पीड १५० केला. बोअरपाशी आरपीएम २४०० च्या घरात जातो, म्हणून जी५० या कोडनं २५०० ची मर्यादा घातली, कारण वेग वाढला की जॉब धरणाऱ्या चकाच्या जॉची, म्हणजे जबड्यांची, पकड सैल होते. फेस बोअरपर्यंत एकसारखा निघाला. आता लांब बर चकाला गुंडाळायला लागला, तो फीड ०.२ केल्यावर तुटायला लागला.

मालक खूश. "मग २०० करूया की!" अमेरिकन इंजिनिअर एफ. डब्ल्यू. टेलरनं १९०७ साली मांडलेला स्पीड आणि टूल लाइफचा हिशेब मी त्यांना कागदावर करून दाखवला. कार्बाइडच्या इन्सर्टला त्याच्या सूत्रातला घातांक ०.२५ धरला तर १५० चे १८० केल्यावरच धारेचं आयुष्य निम्म्यावर येतं, २०० ला तिसऱ्या हिश्शावर. इन्सर्टची किंमत मालकांना तोंडपाठ, त्यामुळं फार समजवावं लागलं नाही.

"स्पीड हाय तेवढा ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले, "कट मारायपरास जॉब बांधायलाच जास्त टाइम जातोय." ते खरंच होतं. चहा झाल्यावर आम्ही सॉफ्ट जॉ, म्हणजे जॉबच्या मापानं कापून घ्यायचे मऊ जबडे, बोअर करायला घेतले.